पाणी जाण्याआधी रांग ठरवा

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक घरांनी ते मनावरही घेतले आहे. गच्चीवर टाकी, खोलीत इन्व्हर्टर, अंगणात बोअर असते. तरीही दोन दिवस पाणी किंवा वीज गेली की वस्तीत भांडणे सुरू होतात. माझ्या मते साठा कमी असतो म्हणून हे होत नाही. पाणी आधी कोणाला आणि नंतर कोणाला, हे कोणी ठरवून ठेवलेले नसते, म्हणून होते.

माझे गाव अहिवारा, भिलाईजवळ. आमच्या शेजारच्या नंदिनीच्या खाणींतला चुनखडीचा दगड भिलाईच्या पोलाद कारखान्यात जातो. मे महिन्यात ऊन तापले की नळाची धार बारीक होते. मग गल्लीच्या सुरुवातीची घरे नळालाच टुल्लू पंप जोडतात आणि शेवटच्या घरांतल्या नळांतून नुसती हवा येते. पंप लावणारी माणसे वाईट नसतात. उद्या पाणी येईल की नाही, याची त्यांना धास्ती असते. पण प्रत्येकाच्या एकट्याच्या तयारीमुळे शेजाऱ्याची टंचाई वाढते.

वीज गेली की पाणीही जाते, कारण ते टाकीत मोटरनेच चढते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातल्या उच्चदाबाच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी शहराला ग्रिडपासून वेगळे काढून वीज चालू ठेवणारी यंत्रणा मुंबईकडे अनेक वर्षांपासून होती. त्या दिवशी तीही टिकली नाही. यंत्रणा कितीही चांगली असली तरी ती बंद पडल्यावर काय करायचे, हे माणसांना माहीत असायला हवे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन तिथे पोहोचली. पाणी रेल्वेने आणता येते. रांगेची शिस्त मात्र ज्या त्या गावालाच लावून घ्यावी लागते.

थोडे गणित करू. संकटकाळातील मदतकार्याची आंतरराष्ट्रीय मानके माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. चार माणसांच्या घराला दिवसाला ६० लिटर लागतील. हजार लिटरची भरलेली टाकी त्या घराला सोळा दिवस पुरेल. तीच टाकी अशा चार घरांना चार दिवस पुरेल. म्हणजे पाणी पुष्कळदा गल्लीतच असते.

आमच्या शाळेत पाणी कमी आले की कोणी धावाधाव करत नाही. आधी मेस, मग आजारी मुलांची खोली, मग ज्युनिअर आणि शेवटी सीनिअर. प्रत्येकाला एक बादली. देहरादूनच्या चेटवुड हॉलमधले ब्रीद आम्हा कॅडेटना पाठ असते. त्यात स्वतःचा आराम सर्वांत शेवटी येतो. तो धडा रणांगणासाठी राखून ठेवण्याची गरज नाही. नळावरही तो लागू पडतो.

कोणी म्हणेल, वस्ती म्हणजे बॅरेक नव्हे, तिथे हुकूम कोण ऐकणार? बरोबर आहे. पण गणेशोत्सवातल्या महाप्रसादाच्या पंगतीत कोण हुकूम देतो? म्हातारी माणसे आणि मुले आधी बसतात, वाढपी शेवटी जेवतात. हे आपल्याला येते. तेच पाण्याच्या बाबतीत करायचे आहे.

म्हणून प्रत्येक गल्लीने पावसाळ्याआधी आणि उन्हाळ्याआधी तासभर एकत्र बसावे. तान्हे बाळ कोणाकडे आहे, एकटे वृद्ध कुठे राहतात, कोणाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, ऑक्सिजनचे यंत्र कोणाला लागते, चालू हातपंप कुठे आहे, हे सारे लिहून काढावे. यादी कागदावरच असावी, कारण वीज फार वेळ गेली तर मोबाइलही बंद पडतो. एकट्या आजींकडे बादली कोण पोहोचवणार, त्याचेही नाव लिहावे. पुरवठा कमी असेल त्या दिवशी नळाला पंप लावायचा नाही, एवढा एक नियम सर्वांनी मान्य करावा. आणि वर्षातून एकदा, सगळे सुरळीत असताना, सराव करावा. आगीच्या सरावाला आपण हसत नाही, मग याला का हसावे?

पालकांना माझी एक विनंती आहे. ही यादी करायचे काम सुट्टीत घरी आलेल्या आम्हा कॅडेटना द्या. घरोघर जाऊन विचारायला आम्हाला लाज वाटणार नाही. आणि ज्या घराची टाकी सर्वांत मोठी, त्या घराने आपली बादली शेवटी भरावी.