रेडिओ कुणी बिघडवला?



आमच्या अकोल्याच्या घरी एक ट्रान्झिस्टर होता. मी चौथीत असताना एका संध्याकाळी तो मुका झाला. आदल्या दिवशी धाकट्या भावाने तो खाली पाडला होता. मग काय! बिचाऱ्याच्या पाठीत धपाटा बसला. बोट दाखवणारी मीच. पडल्यावरही रात्री रेडिओ वाजला होता, हे मात्र कुणालाच आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या काकांना मी म्हटलं, "काका, आतलं सगळंच बदलून टाका!"

काका हसले. "काहून वं पोरी? एका वक्ती चार जागी हात घातला, तं बिघाड कुठं होता थे कसं समजते?"

त्यांनी आवाज मोठा करून त्या बटणाच्या मधल्या टोकाला आतून पेचकस टेकवला. स्पीकरमधून 'घुर्र' आवाज आला! म्हणजे तिथून स्पीकरपर्यंत सगळे ठीक. अर्धा रेडिओ निर्दोष सुटला. उरलेल्या अर्ध्यात ते एकेक पायरी मागे सरकले. शेवटी सापडली अँटेनाच्या गुंडाळीची केसाएवढी तार. तुटलेली, आणि टोकाला हिरवा कळंक चढलेली. एवढा कळंक काही एका दिवसात चढत नाही!

मुलांनो, प्रयोगशाळेत एन. एम. आर. नावाचे मोठे यंत्र असते. तेही रेडिओचेच भावंड, बरं का! पदार्थ जबरदस्त चुंबकात ठेवून त्यावर रेडिओलहरी सोडतात. हायड्रोजनच्या अणूंची केंद्रके त्यांना उत्तर देतात, पण अगदी कुजबुजल्यासारखे. चुंबक २.३५ टेस्लाचे असेल, तर या लहरी सुमारे १०० मेगाहर्ट्झच्या असतात. म्हणजे आपल्या एफ. एम. रेडिओच्याच पट्ट्यातल्या! दवाखान्यातले एम. आर. आय. यंत्रही याच तत्त्वावर चालते.

१९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, पॅकार्ड आणि आपले भारतीय शास्त्रज्ञ धर्माधिकारी नव्हे हं, धर्मट्टी, यांनी इथेनॉलची तीन वेगवेगळी उत्तरे टिपली. धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले.

आता सांगा पाहू, जुन्या यंत्रात इथेनॉल ठेवले आणि काहीच उत्तर आले नाही, तर दोष इथेनॉलचा का? मुळीच नाही! जुन्या यंत्रात डाखाचे सांधे तडकतात, केबलची टोके सैल होतात, कपॅसिटर सुकतात. म्हणून जाणकार माणूस आधी ओळखीचाच पदार्थ ठेवतो. मग केबल तपासतो. मग ऐकणाऱ्या भागाला एक छोटा, माहितीचा संकेत देतो. तो दिसला, तर ऐकणारा भाग निर्दोष. शोध पाठवणाऱ्या भागात आणि पदार्थाभोवतीच्या गुंडाळीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. घाईने दोष दिला, तर चांगल्या औषधालाही भेसळीचे म्हणून बसू!

करून पाहा: मित्राला टॉर्चमध्ये गुपचूप एक खोड करायला सांगा. सेल उलटा घालेल, नाहीतर मध्ये कागद ठेवेल. तुम्ही एकेक भाग तपासून ती शोधा. मात्र विजेवर चालणारी वस्तू उघडायची नाही. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते.

आणि हो, त्या दिवशी घरी येऊन मी भावाची माफी मागितली. माझ्या वाट्याचा पेरूही दिला. त्याने आधी पेरू खाल्ला, मग माफ केले!

तुमच्या,
बाई