फोटो कलामांचा, वेळ आपला

२५ जुलै २००२ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले, तेव्हा मी अंकुशनगरला शाळेत होतो. राष्ट्रपती हे भारत स्काउट्स आणि गाइड्सचे आश्रयदाते असतात, असं सरांनी सांगितलं. मी घरी पळत आलो. साखर कारखान्यातली पाळी करून आलेले अब्बा म्हणाले, "आधी गणित कर!" पण खाकी गणवेश त्यांनीच शिवून आणला.

वचनात 'ईश्वर' शब्द आहे म्हणून मामूंनी हरकत घेतली. सर म्हणाले, "त्याच्या मनात जो आहे, तोच. आणि 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणायचीही मुभा आहे." विषय तिथेच मिटला.

प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. मी राज्य पुरस्कारापर्यंत पोहोचलो. पुढे दहावी आडवी आली. पण एक गोष्ट कायमची शिकलो. सोपानाला पहिला-दुसरा नंबर नसतो. गाठ नीट बसली, जखमेवर पट्टी नीट बांधली, की तुम्ही पास. वर्गात मागच्या बाकावर बसणारा माझा मित्र गाठी बांधण्यात सगळ्यांच्या पुढे होता. तिथे त्याला पहिल्यांदा कुणीतरी 'शाब्बास' म्हणालं.

आपल्या वस्त्यांत गुणगौरव होतात, नव्वद टक्केवाल्यांचे. पंचावन्न टक्के मिळवणाऱ्या मुलाला कोण हाक मारतं?

एक सल मात्र आहे. बहिणीचं नाव गाइडमध्ये होतं. मुक्कामी शिबिर आलं आणि घरच्यांनी तिला पाठवलं नाही. मी स्वतः तीन शिबिरं करून आलो होतो, तरी गप्प बसलो. मागच्या वर्षी तिची मुलगी शिबिराला निघाली, तेव्हा घरात पुन्हा कुजबुज झाली. या वेळी मी बोललो. ती गेली.

२७ जुलै २०१५ रोजी शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलतानाच कलाम कोसळले. वय ८३. दरवर्षी त्या दिवशी आपण त्यांचा फोटो स्टेटसला ठेवतो. पण ते शेवटपर्यंत मुलांसमोर उभे राहिले, ते कुणी उचलायचं?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीत गावी आलो की शाळेतल्या पथकाला प्रथमोपचार शिकवतो. फार मोठं काम नाही. तुमच्या जवळच्या शाळेत पथक असेल, तर रविवारचे दोन तास द्या. नसेल, तर मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. आणि घरात बहीण असेल, तर आधी तिचं नाव घाला.