आधी भिंत बघा, मग पांढरा

शेडकार्डावर डझनांनी पांढरे असतात आणि आपण मोबाईलवर बोट फिरवत त्यातला एक निवडतो. हा येडेपणा आहे. स्क्रीन स्वतःच्या उजेडानं पांढरी दिसते, भिंत उसन्या उजेडानं. उत्तरेकडच्या खोलीत तोच रंग निळसर, थंड वाटतो. पश्चिमेकडच्या खोलीत संध्याकाळी पिवळा पडतो. त्यात ६५०० केल्व्हिनचा एलईडी लावला की झाला दवाखाना. भावा, हातभर तुकडा रंगव आणि रात्री दिवा लावून बघ.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरला तरी भिंतीच्या पोटातली ओल महिनोन्महिने राहते. तिच्यावर घाईनं पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, फुगे येतात, पापुद्रे सुटतात. मग पुन्हा खर्च, तोही घर नुकतंच सावरलेल्या माणसाला. दुकानात शेड विचारतात, भिंत सुकली का हे कोण विचारतं?

जुन्या मातीच्या, चुन्याच्या भिंतींना चुनाच द्या, चिमूटभर नीळ घालून. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, ओल बाहेर पडू देतो, बुरशीला सहज थारा देत नाही. शर्टाला लागतो, मान्य. पण त्याला ‘गरिबाचा रंग’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पुढच्या पावसाळ्यात आपल्या ‘आयव्हरी’चे पापुद्रे मोजावेत.