मंजूर, भरलेली, रिक्त

सरकारी दवाखान्यातल्या माणसांचा हिशेब ज्या कागदावर असतो, त्यावर तीन रकाने असतात. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. पहिल्या दोन रकान्यांबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या रकान्यावरचा शब्द मात्र मला खोटा वाटतो. उन्हाळ्यात विहीर आटली तर ती रिकामी झाली म्हणावं. पाऊस पडला नाही तर कणगी रिकामी राहते. त्यात कुणाचा दोष काढणार? पण माणूस ठेवायला मंजुरी आहे, कामावर यायला पोरं तयार आहेत, आणि तरी वर्षानुवर्षं खुर्चीवर कुणी बसत नाही, तेव्हा ती खुर्ची रिकामी झालेली नसते. ती रिकामी ठेवलेली असते. कुणी ठेवली, एवढंच मला विचारायचं आहे.

मी धर्मापुरीचा. परळी तालुक्यातलं जुनं गाव, केदारेश्वराच्या कोरीव देवळाचं. शिक्षण दहावी, धंदा शेती. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण माणसं लावून काम कसं करून घ्यायचं, हे चाळीस वर्षं शेती केलेल्याला शिकवावं लागत नाही.

आमच्या लहानपणी हिवतापवाला यायचा. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. घरात कुणाला थंडीताप आहे का विचारायचा, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, गोळ्या द्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घरी जायचा. त्याच्या साहेबानं मागून येऊन ती तारीख बघायची. देवी काढायला येणाऱ्या माणसाला बघून तर आम्ही पोरं कडब्याच्या गंजीमागं लपायचो. माझ्या दंडावर त्याची खूण अजून आहे. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडला नाही. ती देवी काही मोठमोठ्या इमारतींनी घालवली नाही. दारोदार पायी हिंडणाऱ्या माणसांनी घालवली. देश तेव्हा आजच्यापेक्षा गरीब होता. मिलोची भाकरी खात होता. तरी माणूस दारात यायचा.

आता इमारती झाल्या. त्यांना रंग लागले, नावं बदलली, पाट्या बदलल्या. नियम असा की सपाट मुलखात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्राला एक नर्सबाई. एका बाईनं पाच हजार माणसं बघायची, हेच मुळात ओझं. त्यात शेजारच्या उपकेंद्राची जागा भरलेली नसली की तिथला ‘अतिरिक्त पदभार’ हिच्याच गळ्यात. म्हणजे झाली दहा हजार. लसीकरण तिनं करायचं, गरोदर बायांच्या नोंदी तिनं ठेवायच्या, अडल्या बाळंतपणाला तिनं धावायचं, आणि रात्री घरी बसून मोबाइलवर माहिती भरायची. दोन बैलांचा नांगर एका बैलाला जुंपायचा आणि तास वाकडं गेलं म्हणून त्यालाच चाबूक मारायचा, असा हा कारभार.

चाबूक मारणारे आपणच असतो. एका दिवाळीच्या आधीची गोष्ट सांगतो. केंद्राचं नाव घेत नाही, कारण दोष त्या केंद्राचा नव्हता. सोयाबीनच्या गंजीला झाकण घालताना आमच्या भावकीतल्या एकाला घोणस चावली. दिवस मावळलेला. गाडीवर मधे बसवून केंद्रात नेला. सापाचं इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं. ते द्यायला डॉक्टर नव्हते. ते पळून गेलेले नव्हते. त्यांच्याकडं दोन केंद्रांचा कारभार होता, त्या रात्री ते दुसरीकडं होते. एकटी सिस्टर. तिनं सलाईन लावलं, फोनवरून डॉक्टरांना विचारलं, एकशे आठला फोन केला. आणि आमची माणसं तिच्यावरच धावून गेली. “फुकटचा पगार खाता का?” असं एक जण म्हणाला. ती रडत रडत शीर शोधत होती. गडी वाचला, पण मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत लई वेळ गेला आणि पायाची दोन बोटं काढावी लागली. त्या रात्री जी होती तिला शिव्या बसल्या. ज्यांची जागा भरलीच नव्हती, त्यांचं नावही कुणी काढलं नाही. बिन भरलेल्या जागेचा सरकारला हाच मोठा फायदा आहे. तिच्या अंगावर कुणी धावून जात नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. “डॉक्टरच खेड्यात यायला तयार नाहीत, सरकार काय करणार?” हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक आहे. सत्तरच्या दशकात आमच्या जवळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. त्याच्या नावातच ‘ग्रामीण’ हा शब्द आहे. सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्यानं एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख भरायचे, असा बॉण्ड होता. पैसे भरून सुटायची वाट ठेवली की ज्याच्या बापाकडं पैसे आहेत तो सुटणारच. आणि जो येतो त्याला राहायला धड घर नाही, रात्री सोबतीला शिपाई नाही, रक्त तपासायला माणूस नाही. अशा ठिकाणी तो टिकला नाही तर नवल काय?

पण डॉक्टर घटकाभर बाजूला ठेवा. आरोग्यसेवक, आरोग्यसेविका, औषधनिर्माता, लॅबवाला, ड्रायव्हर, शिपाई, सफाईवाला. या जागांवर यायला कोण तयार नाही? आमच्या गावागावांत पोरं-पोरी कोर्स करून बसली आहेत. पहाटे उठून अभ्यास करतात, लायब्ररीत बसतात, लग्नं थांबली आहेत. एका गावात एकाच वेळी जागाही मोकळी आणि पोरगंही मोकळं! याला माणसांचा तुटवडा कसं म्हणायचं?

भरतीचा इतिहास बघा. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या १३,५१४ जागांची जाहिरात आली. त्यात आरोग्याच्याही जागा होत्या. पोरांनी फी भरली. परीक्षा आज होईल, उद्या होईल. साडेतीन वर्षं गेली, मधे करोना येऊन गेला, म्हणजे आरोग्यसेवकाची किंमत साऱ्या जगाला कळली, तरी ती परीक्षा झाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती भरतीच रद्द केली.

तोवर २०२१ मध्ये आरोग्य विभागानं आपली वेगळी भरती काढली होती. क आणि ड वर्गाच्या सहा हजारांवर जागा. सप्टेंबरची परीक्षा ऐन तोंडावर पुढं ढकलली. ऑक्टोबरात झाली, तर पेपर फुटलेला. पुणे पोलिसांनी तपास केला आणि पकडले कोण? खुद्द आरोग्य खात्यातले अधिकारी! एक मुंबईचा सहसंचालक, एक लातूरच्या उपसंचालक कार्यालयातला. ज्याच्या हाती बियाण्याची पिशवी दिली, त्यानंच बी विकून खाल्लं. ती भरतीही गेली. पुन्हा ऑगस्ट २०२३ मध्ये १०,९४९ जागांची नवी जाहिरात. फी एक हजार, राखीव वर्गाला नऊशे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,६०० रुपये क्विंटल. पोरानं दोन अर्ज भरले की बापाचं जवळपास अर्धा क्विंटल सोयाबीन गेलं. घोटाळा खात्यातल्यांनी करायचा, फी शेतकऱ्याच्या पोरानं पुन्हा भरायची.

भरती लांबली तरी काम थांबत नाही, मग निघते कंत्राटाची वाट. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून अकरा महिन्यांच्या ऑर्डरी, मधे एखाद्या दिवसाचा खंड आणि परत नवी ऑर्डर. असं करत माणसांचे केस पांढरे झाले. दहा वर्षं झालेल्यांना नियमित जागांवर सामावून घेण्याचा निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. तो अमलात आणा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच माणसांना संपावर बसावं लागलं. आम्ही पाडव्याला सालगडी ठरवतो तेव्हा पैसा, धान्य, कपडे सगळं चार माणसांत बोलून ठरतं. वर्षभर राबवून घेऊन तू माझा गडीच नाहीस असं कुणी म्हणालं, तर पुढच्या पाडव्याला त्याच्या बांधावर कुणी पाय ठेवणार नाही. सरकारला मात्र हे चालतं.

याची किंमत कोण भरतं, तेही सांगतो. सप्टेंबर २०२३ संपून ऑक्टोबर लागताना नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली. त्यातली बारा नवजात लेकरं. लागोपाठ एक खासदार तिथं गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना संडास धुवायला लावला. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. अधिष्ठात्याच्या हाती झाडू देता येतो, पण ज्याचं ते काम आहे त्या सफाईवाल्याची जागा भरता येत नाही?

आमच्या बीड जिल्ह्याची लाज तर देशभर गेली. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या, असा आकडा २०१९ मध्ये सरकारनंच विधिमंडळात दिला. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या आयाबहिणी. कारणं अनेक आहेत. कोयत्यावर एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, हे मोठं कारण. पण आणखी एक कारण माझ्या डोळ्यासमोर आहे. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, हे बाई कुणाला सांगणार? गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात निवांत ऐकून घेणारी बाई असती, दोन महिने गोळ्या देऊन बघणारी कुणी असती, तर खासगी दवाखान्याच्या पायऱ्या चढायची वेळ कितीजणींवर आली असती? तिथं एकच वाक्य ऐकायला मिळालं, “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.” आणि मग परत मुकादमाचीच उचल घेऊन ऑपरेशन.

म्हणून म्हणतो, ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर आता ऐकून घेऊ नका. जागा मोकळी होणं ही काही गारपीट नाही. माणूस कामाला लागतो त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीख ठरलेली असते. सेविकेची अठ्ठावन्नला, शिपायाची साठला. पुढची तीस वर्षं कोणत्या महिन्यात कोणती जागा मोकळी होणार, हे कपाटातल्या सेवापुस्तकांत लिहून ठेवलेलं आहे. जुना गडी साल सोडणार हे कळलं की आपण शिमग्यापासून नवा गडी बघायला लागतो. खात्यानं तेवढंच करावं. निवृत्तीच्या आधी भरती, दर वर्षी, ठरल्या महिन्यात. पेपर फुटला तर फोडणाऱ्याला शिक्षा आणि तीन महिन्यांत दुसरी परीक्षा, तीही फी न घेता.

आणि आपण काय करायचं? दवाखान्यात जी सिस्टर हजर आहे तिच्याशी भांडण बंद. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज आहे, त्याला दहा रुपयांचं तिकीट लागतं. त्यात तीनच गोष्टी मागा. आपल्या केंद्रात आणि उपकेंद्रांत मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती. चौथी जोडा, प्रत्येक जागा कोणत्या तारखेपासून रिक्त. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेला कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचा आणि चावडीच्या भिंतीवर रंगानं लिहून काढा. हिवतापवाल्याची तारीख भिंतीवर असायची म्हणून तर त्याचा साहेब त्याला जाब विचारू शकायचा. आता आपण साहेबांना विचारू. मत मागायला येणाऱ्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि त्या भिंतीसमोर बसवा.