मतदारयादी आणि भाकरी

मतदाराला धाक घालायला दर वेळी लाठी लागत नाही. ज्याच्या हाती गरिबाचे राहते घर, दुकानातली उधारी आणि पेरणीचे कर्ज असते, त्याने नुसते डोळे वटारले तरी पुरते.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील फेएट आणि हेवूड हे कापूस पिकविणारे दोन जिल्हे या सत्याची साक्ष देतात. दोन्हीकडे बहुसंख्या कृष्णवर्णीयांची. मतदारयादीत मात्र त्यांची नावे जवळजवळ नव्हतीच. १९५९-६० मध्ये ते नोंदणीसाठी पुढे आले, तेव्हा त्यांच्या नावांच्या काळ्या याद्या गावोगाव फिरल्या. दुकानदारांनी जिन्नस नाकारले, पंपवाल्यांनी पेट्रोल, बँकांनी कर्ज. जमीनमालकांनी वाटेकरी कुळांना घराबाहेर काढले. १९६० च्या डिसेंबरात कित्येक कुटुंबांनी तंबूंत आसरा घेतला.

मालकांचा युक्तिवाद ठरीव होता : जमीन आमची, करार आमचा, कोणाला ठेवावे हा आमचा प्रश्न. कायद्याच्या भाषेत हे निर्दोष वाटते. परंतु ज्याचे घर, रोजगार आणि उधारी एकाच मालकाच्या मुठीत आहेत, त्याचा करार हा थांबू शकणारा आणि उपाशी मरणारा यांच्यातील करार असतो. त्याला स्वातंत्र्य म्हणणे ही अर्थशास्त्राची थट्टा होय.

१९५७ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी अधिकाऱ्याबरोबर खाजगी व्यक्तीच्या दडपणालाही मनाई केली होती. त्याच आधारे केंद्र सरकारने दावे लावले. खालच्या न्यायालयाने जमीनमालकांच्या करारांत हात घालण्याचे नाकारले. १९६१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती चूक सुधारली. मालकी मालकाचीच राहील. मात्र मताधिकार बजावल्याची शिक्षा म्हणून तिचा वापर करता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

तरीही त्या कायद्यात मोठी फट होती. दडपणामागील हेतू सिद्ध करावा लागे, आणि हेतू कोणी कागदावर लिहून ठेवीत नाही. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मिसिसिपीतील फॅनी लू हेमर नोंदणीसाठी गेल्या. अठरा वर्षे राबलेल्या मळ्यातून त्याच दिवशी त्यांना निघावे लागले. १९६५ च्या मताधिकार कायद्याने हेतूची ती अट गाळली, आणि इतरांना नोंदणीसाठी साहाय्य करणाऱ्यांनाही संरक्षण दिले.

बहिष्काराचे हे हत्यार भारताला अपरिचित नाही. १९४७ साली डॉ. आंबेडकरांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली होती. घर, जमीन, काम आणि व्यवहार नाकारून माणसाचा हक्क मारता येतो, हे त्यांनी जाणले होते.

गुप्त मतदान मतपेटीपाशी रक्षण करते. नोंदणी मात्र चारचौघांत होते. म्हणूनच खरा धोका पहिल्या पायरीवर असतो, आणि कायद्याचा पहारा तिथेच हवा. पण एकटा कायदा पुरत नाही. फेएटमधील ते तंबू ज्या जमिनीवर उभे राहिले, ती एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या मालकीची होती. बेघरांना आसरा तोच देऊ शकला, ज्याला स्वतःला कोणी घराबाहेर काढू शकत नव्हते. मताधिकाराचा आणि भूमीच्या वाटपाचा प्रश्न वेगळा मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.