पावसाच्या आकड्यांसाठी हलकी वाट

कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राच्या ग्रामपंचायत पातळीवरील दूरमापी पर्जन्यमापकांतून बीदर-कलबुर्गीच्या पावसाचे आकडे दर १५ मिनिटांनी बेंगळुरूला पोचू शकतात. मोबाइलचे जाळे विरळ असते तिथे चार अंकांसाठी प्रत्येक वेळी एचटीटीपीचे लांबलचक शीर्षलेख पाठवणे ही उधळपट्टी. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी तयार झालेल्या एमक्यूटीटी या हलक्या संदेश-प्रोटोकॉलचा शीर्षलेख दोन बाइटांपासून सुरू होतो. आकडे स्वीकारणाऱ्या बाजूला, जावाच्या टॉमकॅट वेब-सर्व्हरमध्येही, कनेक्टरला (जोडण्या स्वीकारणाऱ्या भागाला) आपला वेगळा प्रोटोकॉल-वर्ग नेमून देता येतो. ही सोय अशा यंत्रांसाठी वापरावी, असे माझे मत.

जास्तीचे दार म्हणजे चोराला वाट, हा आक्षेप पोकळ नाही. २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ दोषामुळे टॉमकॅटच्या एजेपी या एचटीटीपीव्यतिरिक्तच्या प्रोटोकॉलच्या कनेक्टरमधून सर्व्हरवरील फायली वाचता येत होत्या. पण ते दार कुणी मागितले नसतानाही मूळ मांडणीतच उघडे होते; दुरुस्तीत ते बंद ठेवले गेले. दुसरा पर्याय, म्हणजे यंत्रांचा प्रोटोकॉल बदलून देणारा स्वतंत्र गेटवे, मोठ्या जाळ्याला शोभतो, लहान कार्यालयाला मात्र दोन प्रणाली सांभाळाव्या लागतात. खरा धोका पुरवठादाराच्या गुप्त प्रोटोकॉलचा: कंपनी गेली की यंत्र मुके. म्हणून यंत्रखरेदीच्या प्रत्येक निविदेत प्रोटोकॉलचा संपूर्ण तपशील जाहीर करण्याची अट सरकारने घालावी.