शेजारच्या केंद्रावरचा एक हंगाम

रब्बी ज्वारीचा मुलूख राज्यांच्या सरहद्दी मानीत नाही. मंगळवेढ्याची काळी कसदार जमीन विजापूरकडे तशीच पसरत जाते, आणि मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण कित्येक दशके दोन्ही राज्यांतल्या शेतकऱ्यांनी सारख्याच विश्वासाने पेरले आहे. तेव्हा या मुलखात काम करणाऱ्या तरुण संशोधकाची तयारी एकाच केंद्राच्या कुंपणात पुरी होईल, अशी अपेक्षा धरणे मला रास्त वाटत नाही.

सहकार्याची चौकट आपल्याकडे जुनी आहे. १९५७ साली मक्याच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाने जी पद्धत घालून दिली, तीच ज्वारीच्या प्रकल्पाने १९६९ पासून चालविली : निरनिराळ्या केंद्रांवर तीच वाणे, तीच मांडणी, नोंदींचे तेच तक्ते आणि हंगामाअखेर आकड्यांची एकत्र छाननी. या व्यवस्थेचे आपणा सर्वांवर मोठे ऋण आहे. परंतु तक्ता जितक्या सहजपणे एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जातो तितक्या सहजपणे नजर जात नाही, आणि आपल्या शास्त्रात पुष्कळसे काम नजरेचे आहे.

खोडमाशीचेच पाहा. पानाच्या खालच्या बाजूस एकेकटे घातलेले तिचे पांढुरके, लांबट अंडे शोधावयास सरीत गुडघे टेकून बसावे लागते. उगवणीनंतर चौथ्या आठवड्यात पोंगेमर मोजताना, हलक्या हाताने ओढताच जो पोंगा सुटून येतो आणि ज्याच्या बुडाशी कुजका वास येतो तो माशीने मारलेला, आणि जो केवळ पाण्याच्या ताणाने मान टाकतो तो निराळा, हा भेद ज्याने पुस्तकात वाचला त्याचे आकडे आणि ज्याला जाणत्या सहकाऱ्याने ओळीत उभे करून दाखविला त्याचे आकडे जुळत नाहीत. माशीचा उपद्रव मुद्दाम वाढवून वाणांची परीक्षा घ्यावयाची, तर बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी आधी पेरून त्यांत ओलसर सुकटाची भुकटी पसरावी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती किती आणि केव्हा, हे स्वतः केल्यावाचून अंगवळणी पडत नाही.

खडखड्याची गोष्ट याहून नाजूक आहे. दाणे भरण्याच्या सुमारास जमिनीतली ओल सरली की या रोगाची बुरशी बळावते. म्हणून उथळ जमिनीवर जे वाण कोलमडते तेच खोल काळ्या जमिनीवर ताठ उभे राहते. एकाच वाणाला दोन केंद्रांनी दिलेले रोगगुण शेजारी ठेवून वाचताना, हा फरक जमिनीचा की मोजणाऱ्याचा, असा प्रश्न मला अनेकदा पडला आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही अहवालातून मिळालेले नाही.

यासाठी माझी आग्रहाची सूचना अशी की, प्रत्येक नव्या संशोधकाने सेवेच्या पहिल्या तीन वर्षांत एक अखंड रब्बी हंगाम, पेरणीपासून कणसे खुडेपर्यंत, शेजारच्या राज्यातील केंद्रावर काढावा. बांधावरून अर्ध्या तासात उरकणारे पाहणीदौरे यास पर्याय होऊ शकत नाहीत. पेरणी सप्टेंबरात सुरू होते, म्हणून भत्त्याची तरतूद आणि मंजुरीचा हुकूम आषाढातच निघावा. जाणाऱ्याने आपली नोंदवही सोबत न्यावी, आणि काढणीच्या वेळी त्याने व यजमान सहकाऱ्याने तीच ताटे एकत्र चिरून, आतली खडखड्याची काळी भुकटी पाहून, आपापला गुण एकमेकांस न सांगता आधी लिहावा.